जुन्या कंपासचा अडकता सांधा

बडोद्याच्या शुक्रवारी बाजारात वर्तुळं काढायचा हा कंपास मिळाला: जर्मन सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू), साधारण सहा इंची, सुईच्या पायासमोर लावायला पेन्सिलीचा आणि शाईचा असे दोन्ही पाय असलेला. १८९० साली इथे कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू झाली. ड्रॉइंग शिकणाऱ्यांच्या इतक्या पिढ्या झालेल्या गावात जुन्या सामानातली कंपासपेटी उघडून बघावीच.

आधी गुडघे, म्हणजे पायांच्या मधले सांधे, तपासले. पाय फाकवून दोन्ही गुडघे आत वाकवले आणि टोकं जुळवली. नीट जुळली, म्हणजे पाय पिळलेले नाहीत. पिळलेला असता तर परत ठेवला असता, तो दोष घरी निघत नाही.

खरा बिघाड डोक्यात, म्हणजे दोन्ही पाय जोडणाऱ्या वरच्या सांध्यात होता. उघडताना आधी घट्ट, मग एकदम सैल. असा सांधा स्क्रू आवळून सुधारत नाही. आत जर्मन सिल्व्हरच्या चकत्यांमध्ये पोलादी चकती असते, तिथे जुनं ग्रीस हिरवं, चिकट होऊन बसतं. आवळलं की तोच मळ चकत्यांना ओरखडतो.

स्क्रूला खाच नव्हती, दोन बारीक भोकं होती. पकडीने ती फाटतात. म्हणून हॅकसॉ ब्लेडचा तुकडा गॅसवर लाल केला, हळूहळू गार होऊ दिला (नाहीतर कानस चालत नाही) आणि भोकांच्या अंतराने दोन दात काढले. रात्रभर रॉकेलचा थेंब सोडून ठेवला, सकाळी स्क्रू फिरला. चकत्याही रॉकेलनेच पुसल्या. पितळी भांड्यासारखी चिंच लावू नये. फटीत आंबट राहिलं की पुन्हा हिरवं धरतं. शिवणयंत्राचं तेलही नको, पाय घसरतात. मेण आणि व्हॅसलीनचा पुसट हात पुरतो. मग पाव-पाव फेरा आवळत गेलो. एक पाय आडवा धरल्यावर दुसरा जागीच राहिला, तरी एका हाताने सहज उघडला, तिथे थांबलो.

शाईच्या पायाला दोन पाती असतात, त्यांच्या फटीत शाई भरतात. तिथली वाळलेली शाई स्पिरिटने काढली. पाती मिटवून तेलाच्या दगडावर उभी झुलवली, टोकं सारखी झाली. मग उघडून धार फक्त बाहेरून लावली. आतून दगड लागला तर पात्यांमध्ये शाई नीट धरत नाही. भिंगाखाली टोकावर चमकता ठिपका दिसेनासा होईपर्यंत घासायचं.

सुई खांद्यापर्यंत, म्हणजे टोकामागच्या जाड भागापर्यंत, कागदात शिरते, म्हणून शिशापेक्षा अर्धा मिलिमीटर पुढे ठेवली. एच (कडक) शिसं बाहेरच्या बाजूने पॉलिश पेपरवर तिरकं घासलं. पाच सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ एकाच भोकातून दहादा फिरवलं. रेघ एकच राहिली.