कॅपिटल आरचा घोळ

मंगळवार, मालवण

पावसाने दिवसभर उसंत दिली नाही. दुपारी तारकर्लीच्या होमस्टेवाल्या काकांचा फोन. "मेल्या, वायफायक काय झाला? अर्ध्या खोल्यांत चलता, अर्ध्यांत नाय."

अर्ध्यांत चालतं म्हटल्यावर संशय एकच, आयपी पत्ते वाटणारे दोघं झालेत. पण पुरावा हवा. तिथल्या कपाटात आधीच्या माणसाने टीशार्कच्या, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा पकडून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, कमांडचा कागद चिकटवून ठेवलाय. त्यातली डीएचसीपीची (आयपी पत्ते वाटायची पद्धत) कमांड जशीच्या तशी दिली, तर टीशार्क म्हणे कॅपिटल आर हा ऑप्शन एकटा चालणार नाही. सोबत दोनचा ऑप्शन द्या, नाहीतर कॅपिटल वाय वापरा.

कागद खोटा म्हणायला मन धजत नाही. लिहिला तेव्हा तो बरोबरच होता. पूर्वी कॅपिटल आर म्हणजे साधा फिल्टर. २०१३ मध्ये वायरशार्क (टीशार्क त्याचाच भाग) १.१० आलं आणि कामाची वाटणी झाली. फाइल एकदाच वाचून पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) गाळायची तर वाय. आर आता दोन फेऱ्यांच्या वाचनातला, पहिल्या फेरीतच गाळणारा; तिथे गळलेलं पॅकेट दुसऱ्या फेरीत धरतच नाहीत. दोन फेऱ्या लागतात, कारण एखाद्या विनंतीचं उत्तर कुठल्या पॅकेटात आहे हे पुढचं वाचल्याशिवाय कळत नाही. मला एवढं काही नको होतं. वाय पुरे.

त्याच ओळीत फिल्टरचं नाव 'बूटपी' होतं. २०१९ च्या वायरशार्क ३.० पासून ते 'डीएचसीपी' झालंय, तेही बदललं. हे सगळं तिथल्याच मशीनच्या मॅन पेजवर (कमांडसोबतच येणारं माहितीपान) आणि रिलीज नोट्समध्ये मिळालं. नेटवर शोधलं असतं तर कागदापेक्षा जुनी उत्तरं आधी आली असती, हा आपला नेहमीचा अनुभव!

मग लॅपटॉपला नव्याने पत्ता मागायला लावला. ऑफर दोन आल्या, एक १९२.१६८.१.१ कडून, दुसरी १९२.१६८.०.१ कडून. वरच्या मजल्यावर कुणीतरी रेंज वाढावी म्हणून जुना राउटर जोडून ठेवला होता. त्याचं डीएचसीपी बंद केलं, काम झालं.

कागदावरची जुनी ओळ खोडली नाही. तिच्याखाली नवी लिहिली, दोन्हींपुढे आवृत्ती घातली. काउंटरवरच्या जुनाट पीसीवर अजून पहिलीच चालते. खाली नेटस्टॅट आणि आयएफकॉन्फिग हे नेटवर्क तपासायचे जुने प्रोग्रामही आहेत. नव्या बऱ्याच लिनक्सवर ते मुळात टाकलेलेच नसतात, त्यांच्या जागी एसएस आणि आयपी. ते पुढच्या खेपेला.