चार्जरवरचे आकडे आणि चार्जरच्या आतली फट

गेल्या आठवड्यात खणातले सगळे चार्जर काढून टेबलावर मांडले, तेव्हा ते अकरा भरले. फोन बदलले, हेडफोन बिघडले, एक टॅब्लेट देऊन टाकला, पण चार्जर मात्र साठतच गेले होते. निमित्त झाले आईच्या प्रश्नाचे. तिच्या फोनचा चार्जर सापडत नव्हता आणि माझ्या लॅपटॉपचा ६५ वॅटचा चार्जर हातात धरून ती विचारत होती, "हा लावला तर फोन जळणार नाही ना रे?" मी "लाव, काही होत नाही" असे सांगून मोकळा झालो खरा, पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही आणि ते होऊही नये असे मला नंतर वाटले. तिची भीती रास्तच होती. फक्त ती चुकीच्या आकड्याला चिकटलेली होती.

चार्जरवर छापलेला अँपिअरचा (विजेच्या प्रवाहाचा) किंवा वॅटचा (एकूण शक्तीचा) आकडा त्याची कमाल क्षमता सांगतो. चार्जर तेवढा प्रवाह उपकरणात बळेच ढकलत नाही. किती प्रवाह घ्यायचा ते उपकरणाच्या आतले चार्जिंगचे सर्किट ठरवते आणि बॅटरी भरत आली की तेच सर्किट तो कमी कमी करत नेते. त्यामुळे १ अँपिअर लागणाऱ्या फोनला ३ अँपिअरचा चार्जर लावला, तर चार्जरची उरलेली क्षमता नुसती पडून राहते, एवढेच. उलट मोठ्या टॅब्लेटला जुना ५ वॅटचा चार्जर लावला, तर चांगल्या बनावटीचा चार्जर आपली मर्यादा सांभाळतो आणि टॅब्लेट रात्रभर रेंगाळत भरतो. सुमार चार्जरला ही मर्यादा सांभाळता येईलच असे नाही, आणि तो हात लावता येणार नाही इतका तापू शकतो.

व्होल्टचे, म्हणजे विजेच्या दाबाचे, तसे नसते. उपकरणाला झेपेल त्याहून जास्त दाब दिला, तर ते जळू शकते, म्हणून जपायचे ते दाबाला. यूएसबीचा मूळ दाब ५ व्होल्ट आहे आणि नियमाप्रमाणे बनवलेला प्रत्येक यूएसबी चार्जर सुरुवात तिथूनच करतो. आईने हातात धरलेल्या चार्जरवर ५, ९, १५ आणि २० व्होल्ट असे चार आकडे होते. ते वाचून कोणालाही धास्ती वाटेल. परंतु टाइप-सी केबलमध्ये केवळ बोलणीसाठी राखलेली एक तार असते, तिच्यावरून चार्जर आपल्याकडे काय काय आहे ते सांगतो आणि फोनने मागणी केली तरच दाब वाढवतो. फोनला ही भाषा येत नसेल, तर दाब ५ व्होल्टवरच राहतो. काही कंपन्यांच्या स्वतःच्या जलद चार्जिंगच्या पद्धती असतात, त्यांना त्यांचाच चार्जर आणि बहुधा त्यांचीच केबल लागते. दुसरा चार्जर लावला तर फोन सहसा साध्या वेगाने भरतो.

ही बोलणी उपकरणात गोल पिन खोचून लावायच्या अडॅप्टरमध्ये मुळीच नसतात. त्याच्यावर १२ व्होल्ट लिहिले असतील तर प्लगमध्ये खोचल्या क्षणापासून १२ व्होल्टच येतात, आणि तीच पिन ५ व्होल्टच्या उपकरणातही सहज बसू शकते. मी असा एक छोटा स्पीकर एकदा कायमचा गमावला आहे. तेव्हापासून गोल पिनच्या प्रत्येक अडॅप्टरला उपकरणाचे नाव लिहिलेली चिकटपट्टी लावतो.

एक उलटा प्रकारही सांगून ठेवतो. माझी टाइप-सी सॉकेटची विजेरी दोन्ही बाजूंना टाइप-सी असलेल्या केबलने भरतच नव्हती आणि ती बिघडली असे समजून मी टाकून देणार होतो. तिच्या सॉकेटमध्ये ५.१ किलोओहमचे दोन छोटे रेझिस्टर (प्रवाहाला अडवणारे भाग) बसवायचे बनवणाऱ्याने वाचवले होते. ते नसले की टाइप-सी चार्जरला समोर कोणी आहे हेच कळत नाही आणि तो वीज सोडत नाही. जुन्या, चौकोनी यूएसबी सॉकेटच्या चार्जरवर ती व्यवस्थित भरते.

आता खऱ्या धोक्याकडे येतो. चार्जरच्या एका बाजूला १०० ते २४० व्होल्टची घरची वीज असते आणि दुसऱ्या बाजूला आपण हातात किंवा कानाशी धरलेले उपकरण. या दोहोंच्या मध्ये काय आहे, हे पाहण्यासाठी मी बंद पडलेले दोन चार्जर फोडले. (हा प्रयोग कोणी करू नये. २३० व्होल्टच्या विजेवर आतला मोठा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ जिवंत राहू शकतो.) पहिल्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरला पिवळ्या पट्टीचे अनेक वेढे होते, विजेची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा होती आणि शिवाय तिथे बोर्डाला आरपार चीर पाडलेली होती. दुसरा एका स्वस्त वस्तूबरोबर फुकट आला होता. त्यात दोन्ही बाजूंचे तांब्याचे पट्टे एका जागी इतके जवळ आले होते की मधून माझे नखही गेले नसते. बाहेरून दोघांवर "आउटपुट ५ व्होल्ट, २ अँपिअर" असेच छापलेले होते. थोडा ओलावा, थोडी काजळी किंवा विजेचा एखादा झटका एवढ्यावर ती फट ओलांडली जाऊ शकते, आणि तसे झाले तर यूएसबीच्या टोकाला घरची वीज येते. एवढे दिवस तो माझ्या उशाशी होता, हे पाहून माझ्या पोटात गोळा आला.

बाहेरून हे ओळखण्याची खात्रीची रीत नाही, पण काही खुणा आहेत. लेबलवर बनवणाऱ्याचे नाव, इनपुट आणि आउटपुट स्पष्ट छापलेले असावे आणि दुहेरी इन्सुलेशनचे, चौकोनात चौकोन असे चिन्ह असावे. चिन्हांची नक्कल होते, म्हणून केवळ त्यावर विसंबू नये. पिना सैल असणे, कवच दाबल्यावर करकरणे, चार्जिंगला लावल्यावर फोनच्या पडद्याला भलत्याच ठिकाणी स्पर्श झाल्यासारखे होणे, या गोष्टी मी गंभीरपणे घेतो. चार्जिंगला लावलेल्या उपकरणाच्या धातूच्या पाठीवरून बोट हलकेच फिरवल्यावर जी अगदी बारीक झिणझिण जाणवते, ती चांगल्या चार्जरमध्येही आढळते, कारण आतल्या एका छोट्या कपॅसिटरमधून एका मिलीअँपिअरहून बराच कमी प्रवाह पाझरत असतो. पण चटका बसला किंवा हात मागे घ्यावासा वाटला, तर भिंतीवरचे बटण बंद करून तो चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये.

केबलचे म्हणाल तर, ३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह नेणाऱ्या टाइप-सी केबलमध्ये ओळख सांगणारी चिप लागते आणि ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरवरच थांबतो, त्यामुळे साधी केबल तिथे धोक्याची ठरत नाही. तुटत आलेली, टोकाशी काळवंडलेली किंवा हाताला गरम लागणारी केबल मात्र मी चिकटपट्टी गुंडाळून चालवत नाही.

हे सगळे आईला सांगितल्यावर तिने अकराही चार्जर एकेक करून चष्म्याजवळ धरले आणि ज्यांच्यावरची अक्षरे वाचता येत नव्हती ते तीन बाजूला काढले. ते ई-कचऱ्याच्या पिशवीत गेले. तिचा फोन त्या रात्री ६५ वॅटच्याच चार्जरवर, उशीपासून दूर, टेबलावर भरला.