पात्राच्या आजाराला वेळापत्रक असतं

देवळाच्या मांडवात रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक पहाटे दोनच्या सुमाराला तिसऱ्या अंकात येतं आणि नायिकेला वेड लागतं. केस सुटतात, हात कानांवर जातात, एक किंकाळी, मग हसू, मग रडू, वरून तांबडा झोत. जत्रेतल्या माणसांची टाळी ठरलेली. हाच प्रवेश गोव्याच्या कला अकादमीच्या स्पर्धेत आला की झोत निळा होतो आणि परिचयपत्रकात ‘स्किझोफ्रेनिया’ असं छापलेलं असतं, फरक तेवढाच. तालमींच्या सुरुवातीला संहिता बाजूला ठेवून जे रोल-प्ले घेतात, त्यांत तर नट सुचेल तसं बोलतो आणि पाच मिनिटांत तीन आजार एकाच अंगात येऊन जातात.

आपल्याकडच्या हौशी नटांच्या गळ्यात ताकद भरपूर आहे. चुकतं ते काळाचं गणित. नैराश्याचं निदान करायला लक्षणं निदान 2 आठवडे, बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ असावी लागतात. उन्मादाला साधारण 1 आठवडा. आघातानंतरच्या तणावविकाराला 1 महिन्याहून जास्त. स्किझोफ्रेनियाला सगळं मिळून 6 महिने, आणि त्यातले सुरुवातीचे कित्येक महिने घरच्यांना एवढंच दिसतं की पोरगा हल्ली खोलीबाहेर येत नाही, आंघोळ टाळतो, मित्रांचे फोन घेत नाही. पत्र वाचलं, पत्र खाली पडलं आणि वेड लागलं, असं होत नाही.

म्हणून रोल-प्लेला उभं राहण्याआधी नटाने एक कार्ड भरावं. पोस्टकार्डाएवढं पुरे. काल रात्री पात्र किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं. हे सगळं सुरू होऊन किती आठवडे झाले. कुठली गोळी, किती दिवसांपासून, आणि मध्येच बंद केली असेल तर कधी. आज सकाळपासून त्याने कोणकोणती साधी कामं केली. आजाराचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं. आधी लिहिलं की नट नावाचाच अभिनय करायला लागतो.

एक कार्ड भरून बघू. म्हापशाच्या बाजारात किराण्याचं दुकान, वय 45, नैराश्य, सातवा आठवडा. पहाटे साडेतीनला जाग येते आणि परत डोळा लागत नाही. सकाळ सगळ्यात वाईट. दुकान नऊऐवजी साडेदहाला उघडतं. बिलं खिळ्याला टोचायची राहिलीत. संध्याकाळी थोडं बरं वाटतं, गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणं होतं, आणि म्हणूनच बायकोला वाटतं की ह्यांना काही झालेलं नाही, सकाळी नुसता आळस करतात. हा माणूस ‘मी उदास आहे’ असं कधीच म्हणत नाही. अंग दुखतं, पित्त झालंय, झोप नाही, टेन्शन आहे, असंच म्हणतो. आपल्या आरोग्य केंद्रांत नैराश्य घेऊन येणारी बरीच माणसं ह्याच तक्रारी घेऊन येतात. कार्डावर हे असलं की सकाळचा प्रवेश आणि संध्याकाळचा प्रवेश आपोआप वेगळे होतात.

त्याचं बोलणं हळू नसतं, उशिरा असतं. नट इथे हमखास फसतात आणि प्रत्येक शब्द ताणतात. ‘जेवायला वाढू का?’ ह्या प्रश्नानंतर तीन-चार सेकंद काहीच येत नाही. मग साधा, सपाट ‘नको’. रंगमंचावर चार सेकंद म्हणजे डोंगर. प्रॉम्प्टर घाबरून ओळ पुरवतो, मागच्या रांगेतून खोकला येतो. उपाय समोरच्या पात्राकडे आहे. बायकोने ती चार सेकंदं वापरायची: पान मांडायचं, पाट सरकवायचा, उत्तर येण्याआधी प्रश्न पुन्हा विचारायचा. पोकळी त्याची, हालचाल तिची. तालमीत हे सेकंद मनात मोजून बसवावे लागतात, नाहीतर प्रयोगाच्या दिवशी चारचे दोन होतात.

उन्माद उलटा, आणि बहुतेक नट त्याची सुरुवात चुकवतात. थेट आरडाओरड्यावर जातात. सुरुवातीचे काही दिवस हे पात्र घरातलं सगळ्यात मजेदार माणूस असतं. तीन तास झोपून ताजंतवानं उठतं, सगळ्यांना चहा करून देतं, मडगावला हॉटेल काढायचं ठरवतं, भाऊजींना भागीदार करून घेतं. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारतं, पण उडीला धागा असतो: हॉटेल, हॉटेलाचे मासे, मासे म्हणजे ट्रॉलर, ट्रॉलर म्हणजे कर्ज, कर्ज म्हणजे बँकेतला तो मॅनेजर. असंबद्ध बडबड नको, धागा कानाला लागेल इतका जवळ ठेवा. प्रेक्षक पहिली दहा मिनिटं त्याच्याबरोबर हसला पाहिजे. कोणी अडवलं की मग चिडचिड दाखवायची.

आता स्किझोफ्रेनिया. ह्या शब्दाचं मराठीत छिन्नमनस्कता झालं, त्याचं बोलीत ‘दुभंगलेलं मन’ झालं, आणि त्यातून एका देहात दोन माणसं दाखवायची नाटकी परंपरा उभी राहिली. 1908 साली ब्लॉयलर ह्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने हा शब्द वापरला तेव्हा त्याला विचार, भावना, वर्तन ह्यांचे आपसातले सांधे निखळणं अभिप्रेत होतं. दोन व्यक्तिमत्त्वांचा विकार वेगळा आहे. संहितेत दोघांचं मिश्रण असेल तर नटाने ते निस्तरायच्या भानगडीत पडू नये. दिग्दर्शकानेच लेखकाशी बोलावं.

आवाज ऐकू येणं बसवायचं तर तिघांची तालीम घ्या. मधल्याने कदंब बसच्या तिकीटखिडकीवर जाऊन पणजीची दोन तिकिटं मागायची आणि सुटे पैसे मोजून घ्यायचे. तिकीट देणारा चौथा कोणीही चालेल. बाकीचे दोघे त्याच्या दोन कानांशी. एकाने त्याच्याविषयी तिसऱ्या पुरुषात कुजबुजायचं: ‘बघ, आता पैसे मोजतोय, चुकणार, सगळे बघतायत.’ दुसऱ्याने हुकूम द्यायचे: ‘निघ इथून.’ वेळ 3 मिनिटं, मग जागा बदला. कुजबूज खालच्या आवाजातच हवी. ओरडलं की मधला नट वैतागाचा अभिनय करतो आणि तालीम फुकट जाते. तीन मिनिटांनंतर बघा, कोणीही कान झाकलेले नसतात. वाक्य अर्धं राहतं, ‘काय म्हणालात?’ दोनदा विचारलं जातं, पैसे तीनदा मोजले जातात, नजर कुठेतरी अडकते, भलत्या वेळी ओठ हलतात. अंगात एवढंच ठेवायचं. खऱ्या आयुष्यात पुष्कळजण आवाज दाबायला रेडिओ लावतात, गुणगुणतात, कानात इअरफोन घालून बसतात. रंगमंचावर त्याचाही उपयोग होतो.

डोळ्यांसमोर माणसं दिसणं ह्या आजारात आवाजांपेक्षा कमी. भिंतीवर किडे, खोलीत नसलेली माणसं, हे जास्त करून दारू तुटल्यावरच्या किंवा तापातल्या भ्रमावस्थेत दिसतं. दारुडा तर आपल्या प्रत्येक नाटकात असतो आणि नेहमी झोकांड्याच खातो. वर्षानुवर्षं पिणारा माणूस प्यायल्यावर बऱ्याचदा सरळ चालतो. त्याचं बिघडतं ते न प्यायल्यावर. शेवटच्या पेल्यानंतर 6 ते 12 तासांत हात कापतात, घाम येतो, कपाला बशीचा आधार लागतो. भ्रमावस्था आली तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येते, आणि ती जीवघेणी ठरू शकते. तेव्हा नायक फेणीची बाटली आपटतो आणि दुसऱ्या सकाळी ताठ मानेने शेतावर जातो, तो प्रवेश काढून टाका. कोणी बघून घरी तसंच करायला जाईल.

संशयाचं पात्र करणाऱ्याने पुरावे लिहून काढावेत, किमान पाच. शेजाऱ्याने कॅमेरा लावला, त्याचं तोंड आमच्या तुळशीकडे. पोस्टमन बदलला. रोल-प्लेत समोरच्याने प्रत्येक पुरावा खोडून काढायचा, आणि नटाने तो खोडणंच नव्या पुराव्यात बसवायचं: ‘तुला पण त्यांनी सांगितलंय तर.’ डोळे गरगर फिरवायची गरज पडत नाही. आणि ह्या पात्राच्या हाती कोयता द्यायची लेखकांना भारी हौस. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसांचं हिंसा करण्यापेक्षा हिंसेला बळी पडण्याचं प्रमाण जास्त आहे. कोयता अगदी अटळ असेल तर तो दुसऱ्याच्या हातात असू द्या.

मंत्रचळ (ओसीडी) म्हणजे टापटीप नव्हे. दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या नटाला माहीत हवं की ती न तपासल्यास कोण मरणार आहे. ते माहीत नसेल तर विनोदच होतो.

पॅनिक अटॅकला एक इशारा. खरोखर भराभर श्वास घेऊ नका. मिनिटभरात बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि पुढची ओळ जाते. श्वास नेहमीएवढाच घ्या, उच्छ्वास ऐकू जाईल इतका तोंडाने सोडा, खांदे वर उचला आणि बोलताना दर तीन शब्दांना तोडा. झटका काही मिनिटांत शिगेला जातो, साधारण अर्ध्या तासात ओसरतो. ओसरल्यानंतरचा थकवा आणि ‘लोकांनी बघितलं’ ही लाज दाखवायला सगळे विसरतात.

औषधं अंगावर दिसतात. मनोविकारावरच्या काही गोळ्यांनी चालताना हात हलायचे कमी होतात, तोंड कोरडं पडतं, वजन वाढतं. काहींनी पाय स्थिर ठेवणंच जमत नाही, बसल्या जागी सारखी चुळबूज. लिथियमवर हाताला बारीक कंप आणि सारखी तहान, म्हणून पात्राजवळ पाण्याची बाटली असते. नैराश्याच्या गोळीला गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. पहिल्या अंकात गोळी आणि दुसऱ्यात हसू हवं असेल तर मध्ये दीड महिना गेल्याचं कुठेतरी दिसू द्या, भिंतीवरचं कॅलेंडर बदललं तरी चालेल.

उपचाराच्या प्रवेशांत अजून विजेचे झटके आणि साखळदंड येतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 95 ने साखळीला बंदी आहे, आणि भूल व स्नायू शिथिल करणारं औषध न देता विद्युत उपचार करायलाही. आज तो उपचार होतो तेव्हा माणूस झोपलेला असतो, फार तर पायाची बोटं हलतात. रंगमंचावर बघायला अगदीच कंटाळवाणं. त्यापेक्षा नंतरचा तास घ्या: डोकं दुखतंय, आणि ‘आज वार कुठला?’ हे त्याने दुसऱ्यांदा विचारलंय. नाटक 1960 च्या काळातलं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग साल स्पष्ट करा. ‘न्या ह्याला बांबोळीला’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, ही टाळीची ओळही आता रजेवर जाऊ दे. बाह्यरुग्ण विभागातून दर महिन्याला गोळ्या घेऊन संध्याकाळच्या बसने घरी परतणारी माणसं प्रेक्षागृहात बसलेली असतात.

समुपदेशकाची खोली म्हणजे लांब कोच आणि मंद दिवा, हेही आपल्याकडचं नाही. गोव्यात ‘संगाथ’ ह्या संस्थेने आरोग्य केंद्रांतून नैराश्यासाठी जी पद्धत वापरली, तीत डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक 6 ते 8 बैठका घेतात. रोजच्या आयुष्यातून सुटलेल्या गोष्टी थोड्या थोड्या परत करायला लावणं, हा तिचा गाभा. ह्यावर प्रवेश बेतायचा तर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, एक कागद, आणि घरचा अभ्यास म्हणून ‘संध्याकाळी देवळापर्यंत चालत जाऊन या’ एवढं पुरतं. तिसऱ्या बैठकीत दुकानदार म्हणतो, ‘दोनदा गेलो, बाकी दिवस नाही जमलं.’ लेखकाला ह्याहून चांगली ओळ शोधायची गरज नाही.

संमोहनाने एका प्रवेशात बरं होणं मात्र आपल्या मातीत शोभत नाही. कांदोळीला 1756 साली जन्मलेले, संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया, ज्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आहे, त्यांनीच सांगितलं होतं की ती झोप संमोहकाच्या शक्तीतून येत नाही, ज्याला लागते त्याच्यातून येते. पुतळ्यातल्यासारखे हात पसरून नायिकेची आठवण परत आणणारा डॉक्टर त्यांनाही पटला नसता.

अवसर किंवा भार येणं, म्हणजे अंगात येणं, हे आजाराच्या खात्यात टाकू नका. ज्या समाजात ते रूढ आहे तिथे ते विकार धरलं जात नाही. त्याला जागा, दिवस आणि विधी ठरलेले असतात. पात्राला भलत्या जागी, भलत्या दिवशी अंगात येतं आणि गावकरीच चपापतात, तिथे प्रवेश सुरू होतो.

आत्महत्या असेल तर साधन, पद्धत, चिठ्ठीचा मजकूर काहीही दाखवू नका. बातमी आल्यावर घरात काय होतं ते दाखवा. प्रयत्न करून वाचलेल्या पात्राच्या दारात बेड्या घेऊन हवालदार आणू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 त्याला तीव्र तणावाखाली असलेला मानतं आणि उपचार देणं सरकारचं कर्तव्य ठरवतं. परिचयपत्रकावर टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक छापायला जागा लागते एका ओळीची.

रोल-प्ले संपला की लगेच चर्चेला बसू नका. नटाने कार्ड फाडायचं, तोंड धुवायचं, बाकीच्यांनी त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून एखादं क्षुल्लक काम सांगायचं, चहाचे पैसे गोळा कर वगैरे. आवाजांची तालीम एका संध्याकाळी दोनदापेक्षा जास्त नको. ज्याच्या घरात असा आजार आहे त्याला कारण न विचारता ह्या तालमीतून सूट द्यावी.

राहिली गोळ्यांची पट्टी. खऱ्या गोळ्या रंगमंचावर नकोत. रिकाम्या पट्टीत साखरेच्या गोळ्या भरून मागून फॉइल चिकटवता येतं. तीन अंकांना तीन पट्ट्या करा, 10 गोळ्यांच्या: पहिल्या अंकात 2 गेलेल्या, दुसऱ्यात 7, आणि तिसऱ्यात पात्राने गोळ्या सोडल्या असतील तर पुन्हा 7 गेलेलीच. नेपथ्यवाल्याकडे तिन्ही वेगवेगळ्या पाकिटांत द्या, वर अंक लिहून.