दाराला कडी

आमच्या उपकेंद्रातल्या तपासणीच्या खोलीला कडी नव्हती. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. गावासाठी नुसती ‘मॅडम’. दोन वर्षं त्या दाराला आतून खुर्ची लावत होते. बाहेरून कुणी लोटलं की खुर्ची सरकायची आणि टेबलावरची बाई दचकून पदर ओढायची. ती परत यायची नाही.

तिशीपुढच्या प्रत्येक बाईचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची प्रश्नावली, आशाताई घरोघरी जाऊन भरतात. छातीत गाठ आहे का, आकार बदललाय का, बोंडातून रक्त येतं का, हे त्यात विचारायचं असतं. विचारायचं कुठे? ओट्यावर. सासरा बाजेवर बसलेला, दीर गाडी पुसतोय. बाई खाली बघून मान हलवते, फॉर्मवर ‘नाही’ची खूण होते. असे गठ्ठेच्या गठ्ठे मी खरे धरून वर पाठवले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कारण त्यातला एक फॉर्म पन्नाशी ओलांडलेल्या एका मावशींचा होता. गेल्या श्रावणात बीपीच्या गोळ्या घ्यायला आल्या आणि जाताना दारातच घुटमळल्या. मी आत घेतलं. काखेच्या बाजूला सुपारीएवढी गाठ, टणक, वरची कातडी जराशी आत ओढलेली. आठ महिने झाले होते.

“दुखत न्हाई ओ मॅडम. दुखलं असतं तर आले नसते का? मला वाटलं दूध साकळलंय.”

त्यांचा धाकटा मुलगा बावीस वर्षांचा आहे.

बायका अडाणी म्हणून येत नाहीत, असं मीटिंगमध्ये ऐकलं की माझा संताप होतो. जिने जन्मभर कंबरदुखी अंगावर काढली, ती न दुखणाऱ्या गाठीसाठी दिवसाची मजुरी कशाला बुडवेल? स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, हे तिला सांगायचं काम आमचं होतं.

आणि जिल्ह्याला जायचं म्हणजे आधी जीप, मग एसटी. सोनोग्राफी एका दिवशी, सुईची तपासणी दुसऱ्या, रिपोर्ट तिसऱ्या. सोबत नवरा आला की दोघांची मजुरी गेली. दिवाळीच्या सुमाराला तर गावच ऊसतोडीला जातं. आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्च झालेली, कोयता म्हणजे तोडणीची जोडी नवरा-बायकोची मिळून, आणि खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. फडातून तपासणीला कोण येणार? म्हणून आता छातीच्या तपासण्या मी श्रावण-भाद्रपदातच लावते.

नुसत्या हाताने काय कळतं, असंही विचारतात. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले: पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या कर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. त्याहून लहान वयात असा फरक दिसला नाही, हेही खरं. पण आमच्या मावशी पन्नाशीच्या पुढच्याच.

त्यांचं ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं. केमोही संपली, केस परत यायला लागलेत. कडीचं म्हणाल तर मीच बाजारातून आणली आणि गावच्या सुताराने बसवून दिली.

गेल्या गुरुवारी मावशी जावेला घेऊन आल्या. आत शिरल्या, स्वतःच कडी लावली, ओढून पाहिली आणि जावेला म्हणाल्या, “काढ झंपर. मॅडमचे हात गार असतेत, तेवढंच.”