मूक वेस्टर्नला पेटीची साथ: पाठलागापर्यंत आलोय

मंडळी, अमेरिकन दिग्दर्शक ग्रिफिथच्या 'द गर्ल अँड हर ट्रस्ट' (1912) या मूकपटाला पेटी-तबल्याची साथ बसवतोय, त्याची ही खबरबात. स्टेशनचा भाग बसला, दाराचा प्रसंग जवळजवळ बसला, पाठलाग अजून डळमळतोय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आडबाजूचं रेल्वे स्टेशन, तिथे तारयंत्रावर काम करणारी ग्रेस (डोरोथी बर्नार्ड), गाडीतून आलेली पैशांची पेटी आणि त्याच गाडीतून टपकलेले दोन भुरटे. शेरीफ नाही, घोड्यांची पळापळ नाही, म्हणून कुणी याला वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वस्त्यांचा चित्रपट, म्हणायला का-कू करेल. मी म्हणतो. वस्ती विरळ, कायदा लांब, रक्कम समोर आणि सांभाळायला एकटी मुलगी, एवढं पुरे. शिवाय आदल्या वर्षीच्या 'द लोनडेल ऑपरेटर'चाच हा सुधारलेला अवतार आहे. त्यात ब्लांश स्वीट साधा पाना पिस्तुलासारखा रोखून चोरांना थोपवते. इथली ग्रेस त्याच्या पुढे जाते.

आधी वेगाचं बोलतो, कारण तो ठरल्याशिवाय लय ठरत नाही. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे सेकंदाला अमुकच चौकटी असा नेम नव्हता. 35 मिमी फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी बसतात आणि एक रीळ साधारण 1000 फुटांचं. म्हणजे 16 चौकटींच्या वेगाने ते पावणेसतरा मिनिटांच्या आसपास चालतं, 18 ला पंधराच्या जरा आत आणि 24 ला जेमतेम अकरा मिनिटं. तेव्हा हाताशी आलेली प्रत किती मिनिटांची आहे ते आधी बघा. अकरा-बारा मिनिटांची निघाली तर माणसं तुरुतुरु पळणार, आणि प्रेक्षक हसले की साथीदाराने कितीही जीव तोडला तरी फुकट. मी सेकंदाला 17 चौकटींच्या आसपास स्थिरावलोय.

सुरुवातीला गावातले पोरगे ग्रेसच्या मागेपुढे करतात, तिथे पहाडीतली हलकी धून, दादरा. विशेष काही नाही. तारेच्या कट्ट-कडकट्टची नक्कल तबल्याच्या चाटीवर करायचा मोह आमच्या तबलजींना झाला होता. एकदा गंमत वाटते, दुसऱ्यांदा कंटाळा येतो. काढून टाकली.

खरी मेहनत दाराच्या प्रसंगावर गेली. ग्रेसने स्वतःला आत कोंडून घेतलंय, पेटीची किल्ली तिच्याकडे, बाहेर दोघे दारावर धडका देताहेत. तिच्याकडे पिस्तूल नाही, नुसती गोळी आहे. ती गोळी कुलपाच्या भोकात बसवते, तिच्यावर कात्रीचं टोक टेकवते आणि हातोडी मारते. त्या भोकाचा आणि हातांचा जवळून घेतलेला शॉट आहे. 1912 साली कॅमेरा असा वस्तूच्या जवळ जाणं रोजचं नव्हतं, म्हणून ग्रिफिथला तिथे काय दाखवायचं होतं ते स्पष्ट आहे: तिचे हात कामात आहेत. आणि आपण वादक काय करतो? मुलगी संकटात दिसली की लगेच तोडीचे कोमल स्वर लावून रडायला बसतो. ती रडत नाहीये हो! कारागिरासारखी काम करतेय. म्हणून तिथे मी फक्त खर्जाचा षड्ज धरून ठेवतो, भाता अगदी हळू. हातोडीवर थाप द्यायची नाही. थाप पडते ती पुढच्या शॉटवर, बाहेरचे दोघे दचकतात तेव्हा. तबलजी अजून कुरकुरतात, पण भिंतीवर चित्र पाडून वाजवून बघितलं की त्यांनाही पटतं. निदान पान खाईपर्यंत तरी.

आता पाठलाग. पेटी फुटत नाही म्हणून भुरटे ती अख्खीच उचलतात आणि हातट्रॉलीवर टाकतात, तीच ती दांडा वरखाली दाबून पळवायची. पेटी जातेय म्हटल्यावर ग्रेस धावत बाहेर येते आणि ट्रॉलीवर झेपावते. मागून इंजिन. कॅमेरा रुळांच्या समांतर पळणाऱ्या गाडीवर, कॅमेरामन बिट्झरचं काम, आजही अंगावर येतं. दांडा एकदा खाली जाऊन वर आला की केहरव्याचं अर्धं आवर्तन होतं, त्यामुळे ठेका पडद्यावरूनच उचलायचा. 24 चौकटींच्या प्रतीत हाच दांडा इतका भरभर हलतो की दुगुणीला, म्हणजे लय दुप्पट करायला, जागाच उरत नाही.

शॉट इंजिनावर गेला की आवाज वाढवायचा, ट्रॉलीवर आला की कमी करायचा, असं आधी ठरलं होतं. त्याने प्रसंगाचे तुकडे पडत होते. आता ठेका दोन्हीकडे एकच: इंजिनाला मंद्र सप्तक, ट्रॉलीला मध्य, त्यात ग्रेसची चार स्वरांची ओळ. इंजिन आणि ट्रॉली एकाच चौकटीत आली की मगच दुगुण. अडचण एवढीच की डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, नजर पडद्यावर. सप्तक बदलताना बोट चाचपडतं. कप्लर असलेली पेटी मागून आणलीय, तिच्यावर खालचा सूर आपोआप मिळतो.

हे हातावेगळं झालं की 'द हॅझर्ड्स ऑफ हेलन' ही मूक चित्रमालिका. 1914 ते 1917, एकेका रिळाचे 119 भाग, नायिका आधी हेलन होम्स, मग हेलन गिब्सन, दोघींच्या उड्या रेल्वेभोवतीच. आपल्या वाडिया मूव्हिटोनच्या नादियाने 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये (1936) गाडीच्या टपावर जी मारामारी केली ती याच घराण्यातली, फक्त तोवर चित्रपट बोलायला लागला होता, आपली गरज उरली नव्हती. सगळे 119 उपलब्ध नाहीत, जे आहेत त्यातला कुठला घ्यावा यावर तुमचं मत सांगा. आणि कुणाकडे काळी तीनची (तिसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून लावलेली), कप्लर घट्ट न झालेली पेटी असेल तर तेही कळवा, ही मागून आणलेली पेटी काळी एकला लावलेली आहे.