टाच हलली नाही तरच बूट आपला : माझा अनुभव

बेळगावात स्केटिंग म्हटलं की लहान मुलंच डोळ्यांपुढे येतात. दुकानातला मालही त्यांच्याच हिशेबाने असतो: पट्ट्यांचे, खालच्या स्क्रूने लांबी कमी-जास्त करायचे ॲडजस्टेबल स्केट्स. आठ वर्षांच्या पोराला ते चालून जातात, साठ-सत्तर किलोच्या माणसाला नाहीत. वळताना सगळा जोर त्या एका स्क्रूवर येतो, तो सैल पडतो आणि पुढचा-मागचा भाग एकमेकांपासून सरकायला लागतो. त्यामुळे चाळिशीत क्वाड स्केट (दोन चाकं पुढे, दोन मागे) घ्यायचे ठरले तेव्हा एक गोष्ट आधीच पक्की केली, बूट आणि प्लेट, म्हणजे चाकं धरणारा खालचा सांगाडा, पक्की जोडलेली हवी.

दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. मी सुरुवात चाकांपासून केली होती, ती चूक. चाकं कधीही बदलता येतात, बेअरिंग बदलता येतं, खटपट केली तर प्लेटसुद्धा बदलता येते. बूट चुकला की सगळंच वाया. बर्फावर फिगर स्केटिंग करणाऱ्यांचंही हेच दुखणं आहे. त्यांच्या बुटाखाली पातं, आपल्या बुटाखाली प्लेट, वरचा बूट मात्र जवळपास तोच. एडिया, रिसपोर्ट या इटालियन कंपन्या दोन्हींसाठी बूट करतात, यावरून काय ते समजा.

माप संध्याकाळी घ्यावं, कारण दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, सगळा भार त्याच पायावर. पेन्सिल अगदी सरळ उभी धरायची. तिरकी धरली तर बाह्यरेषा आत-बाहेर जाते आणि तीन-चार मिलिमीटर सहज चुकतात. दोन्ही पाय मोजायचे. माझा उजवा २४० मिलिमीटर निघाला, डावा २३७, आणि चवड्यापाशी रुंदी ९८. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा. आणि चपलेचा नंबर विसरायचा. मी चपलेत सहा नंबर घालते, पण प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा, त्यामुळे मिलिमीटरच खरे.

त्या ९८ आकड्यातच आपल्याकडच्या बहुतेकांची अडचण आहे. आयुष्यभर चपलेत वावरलेला पाय पुढे मोकळा पसरतो, टाच अरुंदच राहते. तयार बूट चवड्याला आवळतो. मग दुकानदार म्हणतो, "एक नंबर मोठा घ्या की, मोजे दोन घाला." मोठा घेतला की चवडा सुटतो, पण टाच आत तरंगायला लागते. प्रत्येक ढकलीला टाच वर उचलली जाते, घासून फोड येतो, आणि पाय सावरायला आपण बोटं आवळून धरतो. अर्ध्या तासात तळव्याला पेटके. नाड्या आवळल्या तर घोट्यापुढची शीर ठणकते. मोठ्या बुटाचं दुखणं नाड्यांनी बरं होत नाही. मोजा एकच, पातळ.

म्हणून बूट टाच घट्ट बसेल असा घ्यायचा आणि पुढची रुंदी नंतर वाढवून घ्यायची. त्यासाठी चामडं हवं. रेग्झिन दिसायला तेच, पण ताणून जिथल्या तिथे परत येतं.

दुकानात बूट पारखायची माझी पद्धत अशी. आधी आतला सोल बाहेर काढून त्यावर उभं राहायचं. पाऊल कडेने दोन-तीन मिलिमीटर बाहेर गेलं तर चामड्यात भागतं, सेंटीमीटरभर गेलं तर तो बूट खाली ठेवायचा. मग सोल न घालता, नाड्या मोकळ्या ठेवून पाय पुढे सरकवायचा: टाचेमागे एक पेन्सिल मावेल इतकीच फट हवी. बोट आरामात जात असेल तर बूट मोठा. शेवटी सोल घालून टाच मागे ठोकायची, नाड्या बांधायच्या आणि उभं राहायचं. सरळ उभं असताना बोटं पुढे हलकी टेकली तर घाबरू नका. गुडघे वाकवल्यावर ती किंचित मागे आली पाहिजेत. त्याच वेळी चवड्यावर जोर देऊन टाच उचलून बघायची. बुटाबरोबर उठली तर ठीक, बुटातून उठली तर नाही.

नाड्या तीन भागांत बांधायच्या. बोटांपाशी सैलसर, घोट्याच्या वळणावर सर्वांत घट्ट, आणि वरच्या हुकांत पुन्हा थोड्या ढिल्या. वरपर्यंत आवळलं की नडगी पुढे झुकत नाही, गुडघा वाकत नाही, आणि तोल मागे गेला की माणूस पाठीवर पडतो. फार कडक बुटानेही हेच होतं. उड्या मारणाऱ्यांसाठी केलेला बूट हौशी माणसाने घेऊ नये. तो महाग असतो म्हणून चांगला वाटतो, एवढंच.

बूट घरी आणल्यावर लगेच रिंकवर जायचं नाही. जाड चटईवर, चाकं फिरणार नाहीत अशा जागी, रोज वीस मिनिटं उभं राहायचं, गुडघे वाकवायचे. कुठे टोचतं ते चार दिवसांत कळतं. मुंग्या आल्या तर आधी पुढच्या नाड्या सैल करायच्या. तरीही आल्या तर चवडा आवळला जातोय. माझं करंगळीच्या मुळाशी दुखत होतं. बूट घालूनच तिथे बाहेरून खडूने खूण केली आणि खडेबाजारच्या बाजूला चपला शिवणाऱ्या एका मामांकडे नेला.

स्केटचा बूट त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला असेल, पण चामडं त्यांना सांगावं लागत नाही. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्यात कर्नाटकातले चार जिल्हे आहेत आणि बेळगाव त्यांतला एक; अथणी-निपाणीकडचं हे कसब इथे आजही हाताशी आहे. मामांनी बूट आतून अंगठ्याने चाचपला. "ताई, लांबीला काय वाढत नाही हं. रुंदीला वाढवतो, दोन दिस लागतील." खुणेच्या जागी आतून ओलं फडकं दाबून चामडं मऊ केलं, फर्मा (पायाच्या आकाराचा साचा) घातला, आणि नेमक्या खुणेखाली चामड्याचाच रुपयाएवढा तुकडा फर्म्यावर चिकटवला, म्हणजे फुगवटा तिथेच यावा. दुसऱ्या दिवशी फर्मा काढल्या काढल्या म्हणाले, "आत्ताच घालून बसा की, ओल आहे तवर." तासभर तशीच बसले. चारेक मिलिमीटर जागा झाली. तेवढीच हवी होती. टाचेच्या भागाला मात्र कुणाला हात लावू देऊ नका.

प्लेट बघायला स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा पुरतो. रिकामा स्केट त्यावर ठेवून मागून बघायचं. चारही चाकं टेकली पाहिजेत आणि बूट आत-बाहेर कलता कामा नये. रिकामाच कलत असेल तर प्लेट वाकडी बसली आहे, माल परत करा. पाय घातल्यावर आत कलत असेल तर दोष आपल्या घोट्याचा. कमानीला आधार देणारा सोल घातला की बराच फरक पडतो. पुढचा ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, चवड्याच्या खाली यायला हवा. फार मागे असला की पुढे तोंडावर आपटायची भीती.

ॲक्सलखालची रबरी कुशन घाबरट माणूस पहिल्या दिवशीच आवळून टाकतो. मग स्केट वळतच नाही आणि नडग्या भरून येतात. नट एका वेळी पाव फेरा सैल करायचा, चारही ठिकाणी सारखा. वेगात स्केट थरथरला तर पाव फेरा परत. टो-स्टॉप, म्हणजे बोटांपुढचा रबरी ब्रेक, जमिनीपासून साधारण दोन सेंटीमीटर वर.

चाकांचं थोडक्यात. सिमेंटच्या गुळगुळीत रिंकवर ५७ मिलिमीटर, ८८ ते ९२ ए कडकपणा ('ए' हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं चाक कडक). डांबरी रस्त्यावर ६२ मिलिमीटर आणि ७८ ते ८२ ए. मऊ चाक खडी गिळतं. आपल्याकडची तांबडी धूळ रिंकवर आली की कडक चाक साबणासारखं सटकतं, तेव्हा चाक बदलण्याआधी ओल्या फडक्याने पुसून बघा. बेअरिंग एका जोडीला सोळा लागतात. ॲक्सल ८ मिलिमीटरचा असेल तर ६०८ नंबरचं, ७ चा असेल तर ६२७. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून आधी ॲक्सल मोजा. ६०८ साठी स्केटचं दुकान शोधत बसू नका, उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत असलेल्या गावात बेअरिंगवाल्याकडे ते मिळतंच. 'टूआरएस' मागा. त्याची रबरी झाकणं धूळ आणि ओल थोपवतात, पत्र्याच्या झाकणांच्या 'झेडझेड'पेक्षा इथे तीच बरी. चाकाचा नट खेळ जाईपर्यंत घट्ट करून किंचित मागे घ्यायचा. चाक मोकळं फिरावं, पण डुगडुगू नये.

जून ते सप्टेंबर इथल्या पावसात बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर आठवड्यात बुरशी धरतो. भिजला तर उन्हात किंवा चुलीपाशी नाही ठेवायचा, चामडं तडकतं. आत 'तरुण भारत'च्या दोन पुरवण्या कोंबून पंख्याखाली, आणि रात्री कागद एकदा बदलायचा. चाकं त्याच दिवशी काढून बेअरिंग पुसायची आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर सकाळी ती करकरतात.