शाळेतला तांब्या, तैलरंगात

स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत, पण त्या रंगवून सांगणारे आमच्या तुकडीत पुष्कळ आहेत. मी चित्रकलेच्या वर्गातून घेतलेल्या आणि अजून हातात असलेल्या एका कामाबद्दलच लिहितो: वस्तूंचा ग्रुप लावून चित्र काढणं. चित्रकलेच्या सरकारी परीक्षांत, एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र काढून ज्यांनी ब्रश खाली ठेवला, त्यांना तैलरंगाकडे वळायचं तर रेखाटन नव्यानं शिकावं लागत नाही. बदलतो तो क्रम. जलरंगात कागदाचा पांढरा राखून उजेडाकडून गडदाकडे जायचं. तैलरंगात गडदापासून सुरुवात आणि पांढरा सगळ्यात शेवटी. जुन्या सवयीनं आधीच पांढरा लावला की तो ओला रंग पुढच्या प्रत्येक सावलीत मिसळतो आणि सगळं चित्र पिठूळ दिसतं.

मुंबईच्या खोलीत पहिली अडचण उजेडाची. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तमच. नसेल तर पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, समोरची आणि डावी बाजू कापून टाका, आत काळा कागद लावा, आणि डावीकडून एकच दिवा सोडा. छतावरची ट्यूब चालू राहिली की प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि गोलाई मरते. मागचं कापड टाचण्यांनी पक्कं करा, नाहीतर पंख्याच्या वाऱ्यानं घड्या दर तासाला बदलतील. पितळी तांब्या, दोन वांगी, एक लिंबू, गडद निळं कापड, एवढा ग्रुप पहिल्या चित्राला भरपूर झाला. चोर बाजारातले कंदील आणि बाटल्या मोहात पाडतात, पण काच नंतर. केळी घेऊच नका. इथल्या उकाड्यात दोन दिवसांत ठिपके पडतात. वांग्याचं देठही लवकर सुकतं, म्हणून ते आधी रंगवून घ्यायचं.

कॅनव्हास १२ × १६ इंचांचा पुरे. जेसोचे, म्हणजे रंगाखाली देतात त्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा, मग बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून वर फासा आणि कापडानं पुसून घ्या. पांढऱ्या कॅनव्हासवर प्रत्येक रंग असतो त्यापेक्षा गडद वाटतो. या तपकिरी थरावर तशी फसगत होत नाही. रंग सात: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम यलो, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन. काळ्याची नळी विकत घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर मिळून जो काळा होतो तो हवा तसा निळसर किंवा तपकिरी वळवता येतो.

आता तांब्या. तोंड, गळा, पोट आणि बूड, चारही ठिकाणी लंबवर्तुळ आहे, आणि डोळ्यांच्या पातळीपासून जसजसं खाली जावं तसतसं ते जास्त उघडतं. तोंड गोल आणि बूड सरळ रेषेत काढलं की तांब्या हवेत लटकतो. ही चूक परीक्षेच्या कागदावर जितकी दिसायची तितकीच कॅनव्हासवर दिसते. रंगवताना मात्र पितळ पिवळं आहे हे विसरायचं. डोळे बारीक करून पाहिलं तर त्याचा निम्मा भाग जवळपास काळा-तपकिरी असतो, आणि त्या गडदाला खेटून उजेड असतो म्हणूनच ते धातू वाटतं. सगळीकडे पिवळा फासला तर प्लॅस्टिकचा तांब्या तयार. आधी बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचे गडद आकार, मग ऑकर-सिएनाचा मधला टोन, मग पोटावर पडलेलं वांग्याचं जांभळट आणि कापडाचं निळसर प्रतिबिंब. चमक शेवटी: पांढऱ्यात किंचित कॅडमियम यलो, ब्रशवर घट्ट गोळा, एकदाच टेकवायचा आणि हात उचलायचा. दुसऱ्यांदा टेकवलात तर खालचा ओला ऑकर वर येतो आणि चमक विझते.

काळा घोड्याला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं आहेत. जुन्या तैलचित्रांत साधारणपणे सावलीतला रंग पातळ असतो आणि उजेडातला जाड. अशी चित्रं तिरक्या कोनातून बघावीत. थरांचा उंचसखलपणा समोरून कळत नाही.

थरांचा नियम मोडला तर चित्र तडकतं. पहिला थर टर्पेंटाइननं पातळ, दुसरा नळीतून आला तसा, तिसऱ्यात जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब. वरच्या थरात तेल कमी असलं तर तो आधी कडक होतो, खालचा अजून हलत असतो, आणि भेगा पडतात. अंबर एक-दोन दिवसांत हाताला वाळतो, वांग्यांच्या जांभळ्यातल्या अलिझरिनला आठवडा किंवा जास्त लागतो. त्यामुळे तांब्या कोरडा झाला तरी वांगी चिकटच असतात. तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून ओलं चित्र कपाटात कोंडणं चूक. अंधारात जवसाचं तेल पिवळंही पडतं. पुन्हा उजेडात ठेवलं की बरंचसं निवळतं.

पावसाळ्यात हे सगळं रेंगाळतं. बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवलेल्या कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. मध्ये हवा खेळेल एवढी जागा ठेवा. कॅनव्हास सैल पडला तर चौकटीच्या कोपऱ्यातल्या पाचरी हलक्या हातानं ठोका. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कधीही टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून मगच कचऱ्यात. आणि व्हार्निशची घाई नको. थर पातळ असला तरी निदान सहा महिने थांबा, तेही कोरड्या हवेत, म्हणजे दिवाळीनंतर. दमट दिवशी लावलेल्या व्हार्निशवर पांढुरकी साय धरते, आणि पहिली गदा येते ती तांब्याच्या काळ्या भागावर.